एप्रिलमधल्या नऊ रात्री

श्री. लेहतोनेन,
तुमचा निरोप जुनरेलनं वाचून दाखवला, दोनदा.
दुसऱ्यांदा वाचताना तो हसला,
कारण शेवटी तुम्ही लिहिलंय :
मंगळवार, दुपारी दोन ते चार, काहीच नाही.

इथं काहीच-नाहीला वेळ लावून देत नाहीत हो.
ते आपलं आपण येतं, शेजारच्या कुत्र्यासारखं,
पायरीवर अंग टाकतं
आणि हाकललं तरी शेपूट हलवत तिथंच.

एप्रिल बरा. लाटा तेव्हा कमरेएवढ्या,
शिकणाऱ्याला पाडल्या तरी वाळूत पाडणाऱ्या.
सप्टेंबरनंतरच्या लाटा वेगळ्या,
त्यांच्यासाठी येणारी माणसंही वेगळी.
पहाटे चारला उठतात, भाताला हात न लावता जातात
आणि तिन्हीसांजेला खडकावर सोललेले गुडघे घेऊन
माझ्याकडे लिंबू मागतात.
तुम्ही त्यातले नाही. तुम्ही उशीबद्दल तीन प्रश्न विचारलेत.

सुरिगावच्या धक्क्यावर पाटी आहे, बोट आठला.
समुद्राला पाटी वाचता येत नाही.
खोळंबलात तर तिथल्या बाईकडून उकडलेली केळी घ्या,
पिशवीवर बसून खा,
आणि तो दिवस सुट्टीतच धरा.

फळी तोतोयकडे मिळेल. पिवळी नको,
तिच्या पोटात पाणी शिरतं.
तो म्हणेल, नाही शिरत.
ती त्याच्या भावाची. भाऊ आता मालजहाजावर असतो,
समुद्र रोज बघतो, पाय भिजवत नाही.

जेवण : सकाळी भात, सुका मासा, अंडं.
दुपारी भात, आणि त्या दिवशी ज्याची चूक झाली तो मासा.
तुम्ही ओट म्हणता ते मी पाहिलेलं नाही.
जुनरेल म्हणतो, घोडे खातात.

आता खोली.
तुम्हाला समुद्राकडची हवी. सगळ्यांना तीच हवी असते.
खिडकीशी उभं राहिलं की माडांच्या फटीतून
पांढरी रेघ फुटताना दिसते,
आवाज मागाहून येतो, पाव्हण्यामागून सामान यावं तसा.
ती मारिवेलची खोली. माझी थोरली.
पत्र्यापासून फरशीपर्यंत तिच्या पैशाची.
ती स्वतः तिथं झोपलीय
आजवर एकूण चौदा रात्री.

दोहात एका हॉटेलात ती खाटा लावते,
दिवसाला सोळा खोल्या,
चादरीवर सुरकुती दिसली तर पगारातून जाते.
तीही एप्रिलचं ठरवतेय.
गेल्या साली ऑगस्टचं ठरलं होतं, त्याआधी नाताळचं.
दोन्ही वेळा मी भिंतींना रंग दिला
आणि दोन्ही वेळा त्या रंगात कुणी जर्मन झोपून गेले.

तुमची ती सुट्टी. तिची ती रजा.

म्हणून आधीच सांगते, मागाहून तोंड वाईट नको :
तिला रजा मिळाली तर तुम्ही मागच्या खोलीत,
डुकराच्या गोठ्याला लागून, पैसे निम्मे.
वासाची काळजी नको,
ती आली त्याच दिवशी आम्ही डुक्कर कापणार.
तुम्हीही बसा पंगतीला, घरचेच होऊन,
ती विचारील तेव्हा बर्फाबद्दल सांगा.

नाही मिळाली तर खोली तुमची, नऊच्या नऊ रात्री.
फक्त एक करा.
सकाळी उठलात की चादर ओढून सारखी करू नका,
उशी पडली असेल तिथं पडू द्या.
दुपारी तिचा फोन येतो,
मी फोन हातात धरून घरभर फिरते, तिला सगळं दाखवते.
ती विस्कटलेली खाट दिसली की
ती बघतच राहते जरा वेळ.
मग म्हणते, माय, कुणीतरी झोपलं बघ पोटभर.

तुमची,
नेनिता कुइझोन

ता. क. टॉवेल आणू नका.
टॉवेल ती पाठवते. भरपूर आहेत.